कॅल्शियम शेवटी

कोंबडीचं आतडं चांगलं की वाईट हे निवृत्ती गांगुर्डे यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. नाशिकच्या द्वारका चौकातून आत वळलं की सनीचं चिकनचं दुकान. सकाळी आठच्या आत निवृत्तीमामा तिथे थर्मास घेऊन उभे असत. बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटे, म्हाताऱ्यानं चहा आणलाय. थर्मासात असायचं कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं खारट गार पाणी. सनीनं ताजी कोंबडी कापली की मामा आतड्याचा शेवटचा वीतभर तुकडा मागून घेत, दोन बोटांत धरून बघत आणि त्या पाण्यात सोडत. सनीला पहिले काही महिने वाटलं की यांना कुणीतरी करणी-बिरणीचा उतारा सांगितलेला दिसतो. एकदा त्यानं विचारलंच. मामांनी सांगितलं की हे आतडं कॉलेजात अजून चार-पाच तास जगतं, औषध दिलं की आकसतं. सनीनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाला की मी कापत असताना असलं काही सांगत जाऊ नका.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आतड्याची मेल्यावरही जात नाही, हे मामा एकतीस वर्षं बघत होते. इंदिरानगरकडच्या एका फार्मसी कॉलेजात ते प्रयोगशाळेचे अटेंडंट होते. आतड्याचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायचा, काचेच्या नळीत कोमट द्रावणात उभा टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. मग विद्यार्थ्यानं औषधाचे थेंब टाकायचे. आतडं आकसतं, दोरा ओढला जातो आणि त्या ओढीची रेघ वर चढते. मामा नोकरीला लागले तेव्हा ही रेघ काजळी धरलेल्या कागदावर उमटायची आणि संध्याकाळी त्यांची बायको शकुबाई त्यांना कोळशाच्या वखारीतून आलात का विचारायची. आता रेघ संगणकावर दिसते. हात काळे होत नाहीत एवढाच फरक. बांधणं, टांगणं, धुणं तेच राहिलं.

मामा मूळचे नांदगाव तालुक्यातले. दहावी झाल्यावर नाशिकला आले, चार ठिकाणी हमाली-पॅकिंग केलं आणि मग या कॉलेजात काचसामान धुवायला लागले. त्यांना हाताला धरून शिकवलं ते काळूमामांनी. काळूमामा पेठकडच्या डोंगरातले, शाळा चौथीपर्यंत, पण प्रयोगशाळेत त्यांचा शब्द प्राध्यापकही मोडत नसत. त्यांचे दोन नियम होते. पहिला, कॅल्शियम शेवटी. टायरोड नावाच्या त्या द्रावणात मीठ, सोडा, साखर असं सात प्रकारचं सामान पडतं. त्यातलं कॅल्शियम क्लोराइड मात्र वेगळ्या पाण्यात विरघळवून, बाकी सगळं झाल्यावर, ढवळत ढवळत थेंबाथेंबानं घालायचं. घाई केली की ते सोड्याशी जमतं आणि बाटलीचं दूध होतं. दुसरा नियम, प्रयोग वहीत लिहून होईपर्यंत बाटलीचा तळ फेकायचा नाही, तारीख लावून फ्रिजमध्ये ठेवायचा. का म्हणून विचारलं तर काळूमामा म्हणायचे, "माणूस इसरतो. बाटली इसरत नाय."

पहिल्या वर्षी निवृत्तीनं पहिला नियम मोडला होता. परीक्षेचा दिवस, बाहेरचे परीक्षक आलेले, आणि यानं घाईघाईत सगळंच एकदम पाण्यात लोटलं. चार बाटल्या ताकासारख्या पांढऱ्याफटक झाल्या आणि बावीस पोरं दीड तास हात बांधून उभी राहिली. त्या वेळच्या प्राचार्यांनी सगळ्यांदेखत जे सुनावलं ते मामांनी घरी कधीच सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र कॅल्शियम शेवटी ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून हातात उतरली. सहा वस्तू विरघळल्या की उजवा हात आपोआप त्या छोट्या बाटलीकडे जायचा. मन कुठेही असो, हात तिथे पोचायचा.

कॅल्शियमचं एवढं कौतुक का, हेही त्यांना चांगलं माहीत होतं. मागच्या बाकाशी उभं राहून तेच व्याख्यान एकतीस वेळा ऐकलं की दगडालाही कळेल. औषध म्हणजे नुसता निरोप. ते येऊन सांगतं की आवळ. प्रत्यक्ष आवळायचं काम कॅल्शियमचं. निरोप आला की पेशीचं दार उघडतं, बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो. द्रावणात कॅल्शियमच नसेल तर औषधानं कितीही हाका मारल्या तरी आतडं थोड्या वेळात ढिम्म होतं. काही औषधं मात्र बेरकी असतात. पेशीनं आत थोडं कॅल्शियम साठवलेलं असतं, तेच ती बाहेर काढायला लावतात. मामांनी याची आपल्यापुरती मांडणी करून ठेवली होती. काही घरांचं रोजचं पीठ दुकानातून येतं, काहींच्या घरात धान्याची कणगी असते.

आता मे महिन्याच्या अखेरीला मामा निवृत्त होणार होते. नावातच निवृत्ती आहे म्हणून कॉलेजातले शिपाई थट्टा करत, पण हसायचीही ताकद उरली नव्हती. काळूमामा गेल्यावर त्यांची जागा भरलीच नाही. मामांची तर रद्दच होणार होती. येत्या वर्षापासून विद्यार्थी संगणकावर चित्रातलं आतडं बघणार, बटण दाबलं की ते आकसणार, त्याला ना द्रावण लागणार ना सनी. तोवर मात्र प्रयोगशाळा मामांनीच उघडायची, पाणी मामांनीच गाळायचं, प्रवेशाच्या रांगा मामांनीच लावायच्या आणि तपासणी समिती आली की पडदेही मामांनीच धुवायला न्यायचे. गुडघे बोलायला लागले होते. दुपारी ते बेसिनला टेकून उभे राहत आणि तसेच डोळे मिटून दोन मिनिटं झोपत.

या सगळ्यात एक चैताली गावित होती. सुरगाण्याकडच्या डोंगरातली पोर, पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या आजीकडे, बयाबाईकडे, पोट साफ होईना की उगाळून द्यायची एक मुळी होती. त्याच मुळीवर चैतालीनं संशोधन घेतलं. मुळीच्या अर्कानं आतडं आकसतं हे तिनं वर्षभरात सिद्ध केलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की हा अर्क बाहेरच्या कॅल्शियमवर चालतो की आतल्या कणगीवर. तिच्या मार्गदर्शक मोहिनी मॅडमना वाटत होतं की कणगीवर. तसं निघालं तर काम मोठं ठरणार होतं आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिला पीएचडीची जागा मिळण्याची आशा होती. चैतालीच्या घरातून अजून कुणी नाशिकच्या पुढे शिकायला गेलेलं नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे प्रयोग ठरले. कॅल्शियम नसलेलं द्रावण लागणार होतं. पहिली बाटली चैतालीनं आठवडाभर आधी स्वतः करून बघितली होती. त्यात असिटिलकोलीन, म्हणजे आतडं हमखास आकसवणारं नेहमीचं औषध, टाकलं तरी रेघ हलली नव्हती. द्रावण बरोबर आहे याची खात्री झाली. पुढच्या बाटल्या मामा करतील असं ठरलं. त्यांच्यावर निळी पट्टी लावायची, म्हणजे घोटाळा नको. प्रत्येक वेळी असिटिलकोलीन टाकून पुन्हा तपासावं असं कुणालाच वाटलं नाही. मामांनी केलेली बाटली काय तपासायची, असंच सगळ्यांच्या मनात.

सोमवारी मामांनी पहिली निळ्या पट्टीची बाटली केली. चैतालीनं अर्क टाकला. रेघ सरळ. दुसऱ्यांदा टाकला, तरी सरळ. मॅडम येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या की आतडंच मेलेलं दिसतंय, मामा आज काय आणलंत. मामांच्या बोटांना तर ते चांगलं लागलं होतं. पण मॅडमपुढे बोटांचं काय सांगणार? त्यांनी मान खाली घातली, आणि जाता जाता द्वारकेला थांबून तो राग सनीवर काढला. सनीनं बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

त्याच संध्याकाळी शकुबाईंना भोवळ आली. रक्तदाब चढलेला. दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं. मुलगा संघर्ष चाकणला कारखान्यात, त्याला सुट्टी मिळेना. मामा बाकड्यावर पाठ टेकायचे, सकाळी तिथूनच द्वारका, तिथून कॉलेज. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि सांगितलं की ही रक्तवाहिन्यांची कॅल्शियमची दारं बंद करते, म्हणून त्या सैल पडतात. मामा म्हणाले, हां, मग पाय सुजतील का थोडे? डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. शकुबाईंना मात्र हाडाच्या डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या आधीच दिलेल्या होत्या. त्या पलंगावरून म्हणाल्या, "एक म्हणतो कॅल्शियम खा, दुसरा म्हणतो त्याला दार लावा. यांचं आपसात बोलणं हाय का नाय?" त्या तीन दिवसांत मामा हसले असतील ते एवढंच.

आणि तिकडे प्रयोगशाळेत भाग्य उघडलं. मंगळवारी अर्क टाकला आणि रेघ सरसर वर चढली. बुधवारी चढली. गुरुवारी तर पडद्याबाहेर जाते की काय असं वाटलं. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात आतडं आकसतंय, म्हणजे कणगी सापडली. सोमवारचा आलेख खराब आतड्याचा म्हणून बाजूला काढून ठेवला. मॅडमनी पेढे आणले, पुण्याला पत्र गेलं, वीस मेची मुलाखत ठरली. चैतालीनं पहिला पेढा मामांना दिला आणि वाकून नमस्कार केला. मामांना त्या वेळी झोप एवढी येत होती की पेढ्याची चवही कळली नाही.

नऊ मे, शुक्रवार. चैतालीला एक शेवटची आकृती हवी होती म्हणून तिनं निळ्या पट्टीची आणखी एक बाटली मागितली होती. शकुबाई घरी येऊन बऱ्या होत्या, मामांची आदल्या रात्रीची झोपही नीट झाली होती. सहा वस्तू विरघळल्या. मामांनी बाटली ढवळली. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उजवा हात छोट्या बाटलीकडे गेला, ड्रॉपर भरला आणि निळ्या पट्टीच्या बाटलीत थेंब थेंब सोडू लागला. दहा-बारा थेंब पडल्यावर त्यांनी हात मागे खेचला.

हात चुकला याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. हात जराही अडखळला नाही, याचं वाटलं. ते स्टुलावर बसले. मंगळवारी काय केलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. दवाखान्याचा जिना आठवला, शकुबाईंच्या हाताला लावलेली सुई आठवली, सनीच्या दुकानातली गर्दी आठवली. बाटली काही आठवेना. बुधवार नाही, गुरुवार तर नाहीच नाही. ते उठले आणि त्यांनी फ्रिज उघडला.

फ्रिजमध्ये चारही बाटल्यांचे तळ होते. चैतालीचा प्रबंध लिहून व्हायचा होता, म्हणून काळूमामांच्या नियमाप्रमाणे ठेवलेले. द्रावण अजून नितळ होतं. सकाळच्या आतड्याचे तुकडे शिल्लक होते. चैताली ग्रंथालयात, मॅडम मीटिंगमध्ये. मामांनी दार लोटून घेतलं. एकतीस वर्षं त्यांनी हजारो आतडी बांधून दिली होती, पण औषधाचा थेंब टाकायचा तो दुसऱ्यानं. स्वतःसाठी त्यांनी प्रयोग असा कधी लावलाच नव्हता.

सोमवारची बाटली घेतली. आतडं टांगलं, त्या द्रावणानं तीनदा धुतलं, वीस मिनिटं थांबले आणि असिटिलकोलीन टाकलं. रेघ सरळ राहिली. मामांच्या जिवात जीव आला. म्हणजे सोमवारी हात शुद्धीवर होता. मग मंगळवारची बाटली. परीक्षेच्या दिवशी आजवर ते मनातल्या मनात आतड्याला म्हणत आले होते की हल रे बाबा, पोरांचं वर्ष जाईल. आज पहिल्यांदा त्यांनी म्हटलं की हलू नकोस. थेंब टाकला. आतडं टुणकन आकसलं, रेघ वर गेली. बुधवारची बाटली, रेघ वर. गुरुवारची, वर. निळ्या पट्टीच्या द्रावणात एक पूड मुद्दाम घातलेली असते, मामा तिला पकडूपूड म्हणत, ती इकडेतिकडे राहिलेलं कॅल्शियम धरून ठेवते, पण एवढं पोटभर घातल्यावर ती बिचारी काय धरणार?

मग त्यांना सोमवार आठवला. चारांतला एकच दिवस खरा होता आणि तोच खराब म्हणून फेकला होता. मॅडमनी आतड्याला नावं ठेवली, आपण सनीला ठेवली, आणि आतडं बिचारं खरंच सांगत होतं की या मुळीत कणगी-बिणगी काही नाही. मामांना रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, जन्मभराचं एकदम.

शनिवारी ते बोलले नाहीत. चैताली दोनदा समोर आली, मुलाखतीला काय विचारतील ते सांगत होती, साडी नेसू की ड्रेस ते विचारत होती. मामांनी साडी म्हटलं आणि नळ सोडला. खरं सांगायचं तर त्यांना सांगायचंच नव्हतं. एकवीस दिवस उरले होते. प्रयोगशाळेला कुलूप लागणार, बाटल्या धुतल्या जाणार, पोर पुण्याला जाणार. आपण सांगितलं तर तिची जागा जाणार आणि आपलं नावही. आंधळा दळतो आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे दळणाराही मीच आणि कुत्राही मीच, असं त्यांच्या मनात आलं.

सोमवारी बुद्धपौर्णिमा होती. कॉलनीतल्या विहारात सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. शकुबाईंनी खीर केली होती, पाय सुजलेले तरी उभं राहून. पंचशील सुरू झालं. मामांना ते लहानपणापासून पाठ, झोपेतही म्हणतील. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर त्यांचंही तोंड हललं आणि त्यांना एकदम जाणवलं की हे तोंडही त्या हातासारखंच आहे. आपोआप चाललंय, मन कुठेतरी भलतीकडे. ते मध्येच थांबले. शकुबाईंनी वळून बघितलं. घरी जाताना त्यांनी तिला सगळं सांगितलं. शकुबाई म्हणाल्या, "त्या पोरीचं पेढ्याचं गोड तुमच्याच बाटलीतून आलं ना? मग कडू पण तुमच्याच हातून जाऊ द्या. दुसऱ्याकडून नको."

मंगळवारी मामा मॅडमच्या खोलीत गेले. चैताली तिथेच होती. मामांनी बाटल्या टेबलावर ठेवल्या, शुक्रवारच्या चार रेघांचे कागद ठेवले.

"मॅडम, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्हींत कॅल्शियम हाय. मीच घातलंय. हातानं घातलं, मला कळलं नाय."

मॅडम कागद उलटेपालटे करत राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्याही विभागाला कुलूप लागायचं होतं, त्यांनाही या एका कामाचाच आधार होता. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गांगुर्डे, तुम्ही या महिन्यात जाताय. लॅबही जातेय. हे कुणाला कळणार आहे?"

मामा म्हणाले की मला कळलंय ना, मॅडम. चैतालीनं मामांकडे बघितलंही नाही. उठली आणि निघून गेली. मामा दिवसभर दाराकडे कान लावून होते. ती आली नाही. चहावाला आला, शिपाई आला, ती नाही.

बुधवारी सकाळी आठला मामा सनीच्या दुकानापाशी पोचले तर चैताली आधीच उभी. डोळे सुजलेले, हातात डबा. सनीला ती विचारत होती की आतड्याचा शेवटचा भाग कुठला. मामा जवळ गेले. त्यांनी सनीलाच सांगितलं की मागे तुला बोललो ती चूक माझी होती, तुझं आतडं चांगलं होतं. सनीला कधीचं काय ते आठवेना. चैताली खाली बघत म्हणाली, "मामा, मी पुण्याला रात्रीच मेल केला. मुलाखतीच्या आधी आकडे बदलतील म्हणून. आता बोटांनी कसं ओळखायचं ते दाखवा."

बुधवार ते शनिवार, चार दिवस, सगळे प्रयोग पुन्हा लावले. निळ्या पट्टीच्या बाटल्या आता चैताली करत होती आणि मामा हात पाठीमागे बांधून उभे राहत. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखे ते दिसत, पण ते स्वतःहून तसे उभे होते. प्रत्येक बाटली आधी असिटिलकोलीननं तपासायची, मग अर्क. चारही दिवस रेघ सरळ. बयाबाईंची मुळी बाहेरच्या कॅल्शियमवरच चालत होती. कणगी नव्हती. साधं, चारचौघांसारखं औषध, जसं बयाबाई आयुष्यभर देत आल्या तसं.

शनिवारी दुपारी मॅडमही येऊन मागे उभ्या राहिल्या. शेवटची पायरी उरली होती. अर्क आत, आतडं ढिम्म. आता त्यात थोडं थोडं कॅल्शियम घालून बघायचं. चैतालीनं ड्रॉपर भरला आणि मामांपुढे धरला.

मामा म्हणाले की मला नको.

"याच हातानं घाला, मामा," ती म्हणाली. "बघून घाला."

मामांनी हात पाठीमागून सोडवले. पहिला थेंब टाकला, मोठ्यानं एक म्हटलं. दुसरा, दोन. चौथ्या थेंबाला रेघेनं अंग हलवलं. सातव्याला ती चढायला लागली, सावकाश, दमलेलं माणूस जिना चढतं तशी. वर जाऊन टेकली. मॅडमनी चष्मा काढून पुसला. कुणी पेढे आणले नाहीत.

वीस तारीख आली आणि गेली. पुण्याहून एवढंच कळलं की मुलाखत तूर्त पुढे ढकलली आहे. पुढची तारीख काही आली नाही. चैतालीनं विचारलं नाही, मामांनीही नाही. तिच्या बोलण्यात पूर्वीचा मोकळेपणा नव्हता, हे मामांना जाणवायचं. तिनं राग धरला असता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटे. रागाला निदान काही उत्तर देता येतं.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. नवे प्राचार्य चार वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी कागद बघून भाषण केलं आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले की एकतीस वर्षांच्या सेवेत गांगुर्डे यांच्या हातून एकही चूक झाली नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मोहिनी मॅडम जमिनीकडे बघत होत्या, चैताली खिडकीकडे. मामांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. त्या टाळ्या त्यांना फार जड झाल्या.

समारंभ आटोपल्यावर ते शाल काखेत घेऊन प्रयोगशाळेत गेले. चैताली प्रबंधाची पानं लावत होती. तीन चुकलेले आलेख तिनं फेकले नव्हते, शेवटी परिशिष्टात लावले होते आणि सोमवारचा आलेख प्रबंधात पुढे घेतला होता. तिन्हींखाली तिनं छापलं होतं की द्रावण बनवताना झालेल्या चुकीमुळे हे निष्कर्ष ग्राह्य धरलेले नाहीत. कुणाची चूक, ते लिहिलं नव्हतं. मामांनी वाचलं आणि पेन मागितलं. मॅडम मागून आल्या होत्या, त्या म्हणाल्या की गरज नाही हो, असं कुणी लिहीत नसतं.

मामा स्टुलावर बसले. बाहेर शिपाई कुलूप घेऊन थांबला होता. एकतीस वर्षं त्यांनी केलेल्या द्रावणांवर शेकडो प्रबंध झाले होते, ते सगळे वरच्या मजल्यावर ग्रंथालयात लावलेले होते, आणि त्यांतल्या एकातही त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी कागद सरळ केला. उजवा हात डाव्या हातानं धरला आणि तिन्ही आलेखांखाली एकेक करून, प्रत्येक शब्द बघून लिहिलं, "या बाटलीत कॅल्शियम मी घातले. नि. रा. गांगुर्डे."

मग त्यांनी फ्रिज उघडला. त्या चार बाटल्यांचे तळ परत तिथेच ठेवलेले होते. प्रयोग लिहून झाला होता. चैताली उठून जवळ आली, तिनं दोन बाटल्या घेतल्या, त्यांनी दोन घेतल्या, आणि दोघांनी बेसिनपाशी उभं राहून त्या रिकाम्या करून धुतल्या.